हलायचं नाही

त्या दुपारी ती घरातून निघाली ती एक मोडका स्कॅनर आणायला. खांद्याला झोळी अडकवली, आईला सांगितलं, "भंगारवाल्याकडे जाऊन येते गं," आणि जिना उतरली. पुढे जे घडलं त्याची सुरुवात इतकी साधी होती, की नंतर कुणी विचारलं तर कुठून सांगायचं हेच तिला कळायचं नाही.

गल्लीत तिला सगळे 'पेचकस' म्हणत. अंबाड्यात काट्याऐवजी स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला असायचा, म्हणून. कॅमेरे दुरुस्त करायचा तिचा धंदा. अलीकडे तिने एक नवंच खूळ डोक्यात घेतलं होतं. रोल मिळेनासे झाले, रोल धुणारे दुकानं बंद करून गेले, म्हणून काय कॅमेऱ्यांनीही मरायचं? तिने जुन्या कॅमेऱ्यांच्या पाठी उघडून, फिल्म जिथे बसायची नेमकं तिथे डिजिटलचा डोळा बसवायला सुरुवात केली. पुढचं भिंग, बटणं, खटक्याचा आवाज, सगळं होतं तसंच. जुने फोटोग्राफर दुकानात येऊन नाकं मुरडायचे. एकजण तर म्हणाला, "हे म्हणजे आजोबांना बर्म्युडा घालण्यातला प्रकार आहे."

"घालू देत की," ती म्हणाली. "पाय तर आजोबांचेच राहतात ना?"

भंगारवाल्याने स्कॅनर झटकून तिच्या हातात दिला. "ताई, हा मेलेला आहे हं. नंतर भांडायला यायचं नाही."

"माझ्याकडे मेलेलेच येतात," ती म्हणाली आणि स्कॅनर काखेत मारून घरी आली.

हा स्कॅनर हवा होता थोरल्यासाठी. थोरला म्हणजे तिच्या वडिलांचा स्टुडिओतला कॅमेरा. सागवानी, माणसाएवढा उंच, तीन पायांवर उभा, मधे कातडी भाता आणि मागे काळं कापड. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली दुकान, मधे घर आणि सगळ्यात वर स्टुडिओ. तिथे, काचेच्या छपराखाली, थोरला आणि त्याच्या समोरची लाकडी हातांची खुर्ची तशीच उभी होती. तिच्या दादाला तो एका हॉटेलला शोभेसाठी द्यायचा होता. तिने साफ सांगितलं, "बाबांच्या कॅमेऱ्यावर लोकांना छत्र्या टांगू देणार नाही. तो चालेल. आणि चालला की पहिला फोटो आईचा निघेल."

या हट्टामागे कारण होतं. फोटोग्राफरच्या बायकोचा एकही धड फोटो घरात नव्हता. आईच्या हातांना तरुणपणापासून कंप होता, वयाबरोबर तो वाढत गेला. काचेच्या प्लेटवर फोटो काढायचा तर माणसाला बराच वेळ स्तब्ध बसावं लागे. बाबा कापडाखालून ओरडायचे, "हलायचं नाही!" आणि आईच्या मांडीवर हातांच्या जागी धुक्याचे दोन गोळे उमटायचे. शेवटी तिने फोटोला बसणंच सोडून दिलं. "माझे हात घरात सगळ्यांना ऐकू येतात, दिसायची काय गरज आहे?" असं ती म्हणायची. खरंच ऐकू यायचे. चहा घेताना कपबशीची बारीक खणखण सुरू झाली की आई उठली हे वरच्या मजल्यापर्यंत कळायचं.

आता अशा कॅमेऱ्याला डिजिटल करायचं म्हणजे काय, तेवढं सांगायला हवं. एवढ्या मोठ्या प्लेटच्या आकाराचा डिजिटल डोळा कुणी विकत नाही. पण कागद वाचणाऱ्या स्कॅनरमध्ये एक लांब पट्टी असते, ती सरकत सरकत ओळीओळीने चित्र टिपते. तो स्कॅनर खोलून थोरल्याच्या पाठीला लावला की झालं. फक्त फोटो हळूहळू निघतो. तेवढ्यात समोर जे हलेल ते चित्रात नागमोडी होतं, पाण्यात पाहिल्यासारखं. आणि पट्टी बसायला हवी नेमकी प्लेटच्या जागी. केसाएवढा फरक पडला तरी सगळं धूसर.

ती जागा मोजायची तर प्लेट ठेवायची लाकडी चौकट हवी. बाबांच्या चौकटी कपाटात होत्या, पण वाळवीने आणि दमटपणाने त्यांचं पार वाटोळं झालं होतं. एकच शाबूत निघाली, कपाटाच्या अगदी मागे, काळ्या चिकटपट्टीने चहूबाजूंनी गुंडाळलेली.

ही चौकट तिला माहीत होती. लहानपणी ती आणि दादा कपाटात उचकापाचक करायला लागले की बाबा म्हणायचे, "तिला हात लावू नका. तिच्यात एकजण बसलाय. धुवायचीही नाही, उघडायचीही नाही." दोघं खिदळायची. मोठेपणी त्याचा अर्थ तिला कळला तो असा: आत फोटो घेतलेली, पण न धुतलेली प्लेट आहे. अशा प्लेटवर चित्र असतं, पण दिसत नाही. औषधात घातली तरच दिसतं. उजेडात काढली तर कायमचं जातं.

इतक्या जुन्या प्लेटवर आता काय उरलं असणार? तिने अंबाड्यातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, चिकटपट्टी चिरली आणि भर दुपारी, काचेच्या छपराखाली, चौकटीचं झाकण ओढलं.

सायीच्या रंगाची प्लेट तिच्या डोळ्यांदेखत जांभळट होत गेली, मग करडी. आणि हायपोचा वास आला. फोटो पक्का करायच्या औषधाचा तो आंबूस, नाकात चढणारा वास. त्या स्टुडिओत हायपो येऊन वर्षं लोटली होती, आणि या प्लेटला तर कधी औषध लागलंच नव्हतं.

"माफ करा हं, कुणी असाल ते," ती थट्टेने म्हणाली. मोजपट्टी घालून चौकटीची खोली मोजली, करडी काच खिडकीत ठेवली आणि कामाला लागली.

थोरला चालला. पहिला फोटो तिने रिकाम्या खुर्चीचाच घेतला, चाचणी म्हणून. पट्टी घरघरत सरकली, लॅपटॉपवर ओळीओळीने चित्र उतरलं. मागचा पडदा वाऱ्याने नागमोडी झाला होता. खुर्चीवर मात्र काहीतरी काळं दिसत होतं, पाठीवर कोट टाकावा तसं. त्याच्या कडा इतक्या रेखीव होत्या, की खुर्चीचं लाकूडसुद्धा त्यापुढे मऊ वाटावं. तिने मान वर करून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. भिंगावर डाग असेल म्हणून तिने भिंग पुसलं. खरं तर तिला आईला बोलावायची घाई झाली होती.

आई कुरकुरत आली. "उगाच हसं होईल माझं."

"होऊ दे. नागमोडी तर नागमोडी. मला तुझे हातच हवेत."

आई बसली. पट्टी सरकायला लागली. अर्ध्यात आई म्हणाली, "काय गं, खिडकी उघडी आहे का? हातांवर गार लागतंय."

"हलू नकोस, बोलू नकोस," ती म्हणाली. हे वाक्य आपण बाबांच्याच सुरात म्हटलं, याची तिला मजा वाटली.

फोटो उतरला आणि ती बघतच राहिली. आईचे हात मांडीवर होते. दहाच्या दहा बोटं, नखं, शिरा, सगळं लख्ख. एवढ्या सावकाश घेतलेल्या फोटोत जिवंत माणसाचे हात असे येतच नाहीत.

"पोरी..." आई म्हणाली.

तिने वळून पाहिलं. आईने दोन्ही हात समोर धरले होते. हात स्थिर होते.

पुढचे काही दिवस घरात नुसता आनंदीआनंद होता. आईने सुईत दोरा ओवला. काठोकाठ भरलेला कप उचलून दाखवला. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि आपल्याच गोळ्यांना श्रेय दिलं. दादाने तर थोरल्याला हॉटेलात पाठवायचा विषयच काढला नाही. "छोटे, बाबांचा आशीर्वाद आहे हा," असं म्हणून त्याने कॅमेऱ्याला चक्क नमस्कार केला.

तिलाही आनंद झाला होता, का नाही होणार? फक्त सकाळी जाग आली की घरात खणखण ऐकू यायची नाही, आणि आई उठली की नाही ते तिला जाऊन बघावं लागायचं.

मग चहा निवायला लागला. आई कपाकडे बघत बसायची आणि चहावर साय धरायची. हाक मारली की आई मान वळवायची, पण जरा उशिराने. जिन्यावर ती मधल्याच पायरीवर उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "अगं, निघालेच होते." एकदा तिने आईसमोर बसून मुद्दाम लक्ष ठेवलं. आईच्या पापण्या लवल्याच नाहीत. इतका वेळ लवल्या नाहीत, की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

ती तडक वर गेली आणि आईचा फोटो उघडून मोठा मोठा करत गेली. खुर्चीच्या मागे तो काळा कोट होताच. त्याच्या बाह्या पुढे आल्या होत्या, आईच्या दोन्ही बाजूंनी. आणि बाह्यांच्या टोकाशी, आईच्या स्थिर हातांवर, दुसरे दोन हात होते. नागमोडी. थरथरणारे. तो कंप तिला पाठ होता. जन्मापासून तिने तो ऐकला होता.

तिने थोरल्याने रिकाम्या खुर्चीचा आणखी एक फोटो घेतला. घेताना हायपोचा वास असा आला, की ठसका लागला. या वेळी खुर्चीवर कोट नव्हता. बसलेला माणूस होता. सगळाच नागमोडी, छातीजवळ जास्त. श्वास घेणाऱ्या माणसाची छाती या कॅमेऱ्यात अशीच येते.

घाबरली का? घाबरली. पण भीतीच्या वर तिला राग आला. "माझ्या आईचा श्वास घेतोस?" ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "कुणाला विचारून?"

समोरच्या फुटपाथवर चष्मेवाल्या काकांचं दुकान होतं. काका बाबांचे दोस्त. ती जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि विचारलं, "काका, त्या चिकटपट्टीच्या चौकटीत कोण होतं?"

काका काच पुसत होते, ते थांबले. "उघडलीस?"

"उघडली. उजेडात."

काकांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. "एक गिऱ्हाईक आलं होतं... भर दुपारी. दाराची घंटा वाजली नाही, पण माणूस खुर्चीत बसलेला. तुझे बाबा कापडाखाली गेले, त्यांनी फोटो घेतला. मला म्हणाले, इतका न हलणारा माणूस आयुष्यात पाहिला नाही. चौकटीचं झाकण लावलं, बाहेर आले... तर खुर्ची रिकामी. दाराला आतून कडी."

"मग प्लेट धुतली का नाही?"

"औषधात घालणारच होते. पण चौकट हातात घेतली तर... जड लागली म्हणाले. तेव्हा कळलं, की तो गेलेला नाही. बसलाय. धुतली किंवा उजेडात काढली तर उठेल." काकांनी हातातली काच खाली ठेवली. "तू तो कॅमेरा जाळून टाक, पोरी. आणि आईला घेऊन लांब कुठेतरी जा."

"कॅमेरा जाळला तर आईचा कंप कुठून आणू?" ती म्हणाली. आणि दार ढकलून बाहेर पडली.

घरी दादा ऐकेना. "तुला वेड लागलंय! इतक्या वर्षांनी तिला धड कप धरता येतोय, आणि तू तिचे हात परत थरथरवायला निघालीस? आणि कुणासाठी, एका डागासाठी?"

"दादा, आईकडे बघ."

"बघतोय की. छान शांत बसलीय."

तेवढ्यात एक माशी आली आणि आईच्या गालावर बसली. गालावरून वर चढली. पापणीच्या काठाशी गेली, आणि तिथून उघड्या डोळ्यावर. आई समोर बघत होती. माशी डोळ्यावर फिरली, थांबली, पाय घासले, पुन्हा फिरली.

दादाने ओरडून ती माशी हाकलली आणि आईच्या पायांशी बसून रडायला लागला. आईचे ओठ हलले, फार सावकाश. दोघांनी कान जवळ नेले.

"कंप..." आई म्हणाली. "माझा आहे."

"हो गं आई."

"त्याला... नाही द्यायचा."

बस्स. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

शास्त्र काय सांगतं ते पेचकसला ठाऊक नव्हतं, आणि या बाबतीत शास्त्राला तरी काय ठाऊक असणार म्हणा. पण पेच ज्या बाजूने आवळला त्याच्या उलट बाजूने सुटतो, हे तिच्या हातांना पक्कं माहीत होतं. पट्टी सरळ सरकताना त्याने घेतलं. मग पट्टी उलटी सरकली तर? तिने स्कॅनर खोलला, मोटारीच्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि पट्टी उलटी पळवून पाहिली. पळाली.

दुसरं काम त्याला परत चौकटीत बसवायचं. फ्रिजमध्ये, भाजीच्या मागे, प्लेटऐवजी वापरायच्या बाबांच्या मोठ्या फिल्मचं एक पाकीट होतं. आई दर साफसफाईला विचारायची, "हे सडत कसं नाही गं?" मुदत कधीच उलटून गेली होती, पण फिल्म फिल्मच असते. तिने उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून, चाचपडत, एक फिल्म त्या शाबूत चौकटीत भरली. डिजिटलमध्ये हाच एक दोष आहे, तिच्या मनात आलं. ते दाखवतं सगळं, पण धरून काहीच ठेवत नाही.

ऊन छपरावर आलं तेव्हा दादाने आईला उचलून खुर्चीत बसवलं. लाकूड करकरलं. आई बसल्यावर एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

"छोटे... वास येतोय," दादा पुटपुटला.

"येऊ दे. तू लॅपटॉपकडे बघ आणि काय दिसतं ते सांगत राहा. आईकडे बघायचं नाही."

तिने बटण दाबलं. पट्टी उलटी निघाली. स्टुडिओत तेवढीच घरघर. बाहेर रस्त्यावर कुणी तरी सायकलची घंटा वाजवली, ती फार लांबून आल्यासारखी वाटली.

"पडदा दिसतोय," दादा म्हणाला. "खुर्चीचा हात... आईचा खांदा... छोटे, तिच्या मागे..."

"तो असणारच. पुढे."

"त्याची बाही. त्याचा हात... आईच्या उजव्या हातावर आहे. हात स्वच्छ दिसतोय, छोटे. हलत नाहीये. आणि आईचा... आईचा अंगठा वाकडातिकडा येतोय! नागमोडी! पहिलं बोट, दुसरं..."

आईने श्वास घेतला. खोल, आवाजासकट, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. तिच्या पापण्या फडफडल्या. उजवा हात मांडीवर थरथरायला लागला.

"सोडत नाहीये," आई दातओठ खाऊन म्हणाली. किती दिवसांनी तो जुना, खमका आवाज आला होता! "डावा हात धरून ठेवलाय मेल्याने. थांबू नकोस गं. चालू दे."

"डावा अंगठा," दादा मोठ्याने सांगत होता. "एक बोट... दोन... तीन..."

पट्टी अडकली. मोटार जागच्या जागी गुरगुरायला लागली. पेचकसने कॅमेऱ्याच्या पाठीत हात घातला आणि पट्टी स्वतः ढकलली. आत इतकं गार होतं, की बोटं बधिर झाली. पलीकडून कुणी तरी पट्टी परत ढकलत होतं. जोराने नाही, पण थकणार नाही अशा जिद्दीने. एवढी वर्षं न हलता बसलेल्याला घाई कसली असणार?

"करंगळी राहिली!" दादा ओरडला. "एकच राहिली!"

मोटारीतून जळका वास यायला लागला. आता मोटार गेली तर सगळंच गेलं.

"राहू दे!" आई खुर्चीतून म्हणाली. "एका करंगळीने मी मरत नाही. मला उठव आधी!"

दादाने आईला ओढून खुर्चीबाहेर काढलं. दोघं खालीच कोसळली. खुर्ची करकरत राहिली. तिच्यात कुणी तरी उठायच्या बेतात होतं, पुढे झुकत होतं.

पेचकसने स्कॅनर हिसकून बाजूला फेकला. भिंगाला टोपण लावलं, चौकट थोरल्याच्या पाठीत सरकवली, झाकण ओढलं, टोपणावर हात ठेवला. आणि बाबांनी आयुष्यभर ज्या आवाजात गिऱ्हाइकांना दटावलं, त्याच आवाजात रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

"बस खाली. हलायचं नाही."

करकर थांबली.

तिने टोपण काढलं. फिल्म जुनी, तिला उजेड भरपूर लागणार. ती तशीच उभी राहिली, खुर्चीवर नजर रोखून. पापणी लवू दिली नाही. तिची पाठ घामाने भिजली होती, गुडघ्यांना कापरं भरलं होतं, आणि त्या कापऱ्याचाच तिला अभिमान वाटत होता. हे माझं आहे, तिने मनात म्हटलं. यातलं तुला काही मिळणार नाही. मग तिने टोपण लावलं, झाकण ढकललं आणि चौकट बाहेर काढली.

चौकट जड झाली होती. तिने काळी चिकटपट्टी गुंडाळली, एकावर एक, रीळ संपेपर्यंत.

संध्याकाळी आईने चहा केला. अर्धा बशीत सांडला, थोडा ओट्यावर, थोडा दादाच्या पायावर. कपबशी खणखणत होती आणि दादा भाजलेला पाय धरून हसत होता, रडत होता. आईच्या नऊ बोटांना कंप होता. डावी करंगळी तेवढी सरळ, गप्प. तिला टाचणी टोचली तरी आईला कळत नसे.

"ठेवून घेतलीन् मेल्याने," आई म्हणायची. "घे म्हणावं. त्यापुढे काही मिळायचं नाही."

थोरला अजून वरच आहे. पेचकसने नवी मोटार बसवली आणि हट्टाने, त्याच खुर्चीत बसवून, आईचा फोटो काढला. हात नागमोडी आले. तो फोटो दुकानात समोरच लावला आहे. जुने फोटोग्राफर येऊन म्हणतात, "बाई, हात बिघडलेत." ती म्हणते, "तेच तर बघा."

चौकट कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. दिवसभर, कान देऊन ऐकलं तर, आतून बारीक आवाज येतो. टक... टक... टक. एकाच बोटाचा, आईच्या कंपाच्या तालात. त्याची त्यांना सवय झाली आहे.

पण झोपेत कंप थांबतो. हे पहिल्यापासूनच होतं, या दुखण्यात ते होतंच, असं डॉक्टरही सांगतात. जेवण झाल्यावर आई आरामखुर्चीत डोळा लावते आणि तिचे हात मांडीवर शांत होतात. परवा दुपारी ती अशीच झोपली होती. पेचकस शेजारी बसून एका लेन्सचे पेच बसवत होती. कपाटातला आवाज बदलला, तेव्हा तिचा हात थांबला.

टकटक. टकटकटक. एक बोट नव्हतं आता. दोन, तीन... मग अख्खा हात लाकडावर फिरावा तशी खरखर.

ती उठली. आईला गदागदा हलवलं. "ऊठ गं आई. चहा ठेव."

"आत्ता तर जेवलो आपण," आई कुरकुरली. पण उठली. कपबशी हातात घेतली आणि खणखण सुरू झाली.

पेचकस कपाटासमोर जाऊन उभी राहिली. बोटाच्या पेराने दारावर ठोकलं. "एक दिलंय," ती म्हणाली. "एकच. समजलं?"

आत सगळं थांबलं. स्वयंपाकघरात आईची कपबशी वाजत होती. पेचकस हलली नाही. बऱ्याच वेळाने कपाटाच्या दारावर, आतून, नेमकं तिने ठोकलं होतं त्या जागी, एकच बोट वाजलं. हळूच. परवानगी विचारल्यासारखं.